हातांची पुटपुट

आमच्या घरात आवाज ऐकू येणारी मी एकटीच. आई आणि बाबा दोघंही जन्मापासून बहिरे, आणि घर मात्र नाशिकच्या ऐन द्वारका चौकात. खाली गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. उड्डाणपुलाखालून वळणारे ट्रक, सिग्नलला खोळंबलेल्या बसचे हॉर्न, ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ असं दिवसभर ओरडणारे रिक्षावाले. हे सगळं आमच्या खिडकीतून आत यायचं आणि फक्त माझ्यापाशी येऊन थांबायचं. त्या गदारोळात आईबाबा दुपारची शांत झोप काढायचे आणि मी कानात कापसाचे बोळे घालून अभ्यास करायचे. पण आमचं घर मुकं होतं असं कुणी समजू नये. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं भांडी हळू ठेवत नाहीत. बाबा खुर्ची फरफटत न्यायचे, आई घशातून मोकळं, मोठ्याने हसायची, आणि कुणाला हाक मारायची तर आम्ही जमिनीवर पाय आपटायचो, म्हणजे हादरा तळव्यांतून पोचायचा. खालच्या दुकानदाराने पहिल्या महिन्यातच वर येऊन मला विचारलं होतं, “तुमच्याकडे नाचाचा क्लास चालतो का?”

बाबा पेठकडचे, त्यामुळे नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ तिकडून यायचं. आई विंचूरची, त्यामुळे कांदा मामाकडचा, आणि तो नेहमी गरजेपेक्षा जास्त. रात्रीच्या जेवणाला नागलीची भाकरी, तव्यावर भाजलेला कांदा, लसणाची चटणी आणि पातळ आमटी. फोडणीत मोहरी तडतडली हे आई ऐकून नव्हे, उडालेला दाणा बघून ओळखायची. कुकरच्या शिट्ट्या मोजणं हे माझं लहानपणापासूनचं काम. शिट्टी झाली की मी बसल्या जागेवरून बोटं दाखवायचे. जेवताना मात्र आमच्याकडे कुणी बोलत नसे, कारण हात घासात गुंतलेले. ज्याला काही सांगायचंच असेल तो भाकरी ताटात ठेवायचा, आणि कुणी भाकरी खाली ठेवली की बाकीचे दोघं वर बघायचे.

मी तोंडाने बोलायला शिकले ती शेजाऱ्यांकडून आणि बालवाडीत. त्याआधीची माझी भाषा हातांची. त्यामुळे इतर मुलं गणित करताना ओठांत पुटपुटतात, तशी माझी बोटं पुटपुटायची. पोटापाशी, बाकाखाली, अगदी बारीक. आकडा धरून ठेवायचा तर मी तो डाव्या हातात ठेवायचे आणि उजव्या हाताने पुढची पायरी करायचे. नजर वर, छताकडे कुठेतरी. शाळेत एकदोन बाईंनी ‘हात स्थिर ठेव’ म्हटलं असेल, पण कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. आता या वयात माझ्या बोटांचे सांधे थंडीत धरतात, आणि खरं सांगते, अशा दिवशी विचारही अडखळत येतो.

मी कॉलेजात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाला गेले तोवर निम्मं शिक्षण पडद्यावर येऊन बसलं होतं. तासाला सर शिकवायचेच, पण घरी तोच धडा संगणकावर पुन्हा बघता यायचा, आणि बोलणाऱ्याचे शब्द खाली मराठीत आपोआप उमटत जायचे. माझ्या दृष्टीने ती साधी सोय होती. आईच्या दृष्टीने तसं नव्हतं. तिची मूकबधिरांची शाळा सातवीला संपली होती आणि त्यापुढे तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. पहिल्यांदा ती नुसती माझ्या मागे उभी राहिली, हातात लसूण. दुसऱ्या दिवशी शेजारी खुर्ची घेऊन बसली. मग ती रोजच बसू लागली. ते उमटणारे शब्द चुकायचेही फार. एकदा त्रिकोण चालू होते आणि आईने मला थांबवून विचारलं, “हा कोण? सारखं विचारतोय, हा कोण, तो कोण. सांगत का नाही कुणी?” यंत्राने प्रत्येक ‘कोन’चा ‘कोण’ केला होता. मी हसत सुटले, तिला समजावलं, तीही हसली. पण त्या संध्याकाळी तिने पोळपाटावर कणकेचा त्रिकोण कापला, त्याचे तिन्ही कोपरे तोडून एकाला एक लावले, आणि त्यांची सरळ रेघ झालेली मला दाखवली. धड्यात सांगितलेलं खरं आहे का, हे तिला स्वतः बघायचं होतं.

त्याच वर्षी कॉलेजने काही परीक्षा घरून घ्यायचं ठरवलं. आपण संगणकासमोर बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा, आणि पलीकडे माणूस नसून एक प्रणाली आपल्यावर लक्ष ठेवणार. आपण कुठे बघतो, ओठ हलतात का, मागे सावली दिसते का, सगळं. आम्ही मुली तिला ‘शेजारीण’ म्हणायचो, कारण तिचं कायम खिडकीतून डोकावणं. गणिताच्या पेपराला मी आतल्या खोलीत बसले, दार लोटून घेतलं, आणि पेपर बरा गेला. बरा म्हणजे चांगलाच. एका प्रश्नाला अडकले होते, पण तोही सुटला.

काही दिवसांनी परीक्षा विभागाच्या देवरे सरांचा निरोप आला की येऊन भेट. देवरे सर पन्नाशीचे, साधे, विद्यार्थ्यांशी कधी आवाज न चढवणारे. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर मी होते. नजर वर, आणि टेबलाच्या कडेला माझे दोन्ही हात भराभर हलत होते. कोपऱ्यात लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘दुसऱ्या व्यक्तीशी खुणांनी संपर्क.’

“हे काय आहे, ऋतुजा?” सरांनी विचारलं.

मी सुटकेचा श्वास टाकला. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. माझे आईवडील ऐकू-बोलू शकत नाहीत, मी लहानपणापासून अशीच विचार करते, खोलीत दुसरं कोणी नव्हतं, असं मी सांगून टाकलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला आणि अगदी हळू म्हणाले, “म्हणजे तुमच्या घरात सगळ्यांना खुणांची भाषा येते.”

मी “हो” म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला कळलं की मी काय सांगून बसले. आतापर्यंत ते नुसते हातवारे होते. माझ्या उत्तराने त्यांना भाषा मिळाली, आणि पलीकडे ती समजणारी माणसंही मिळाली.

“कॅमेरा तुझ्याकडे बघतो. तुझ्या समोर कोण बसलंय ते त्याला दिसत नाही,” सर म्हणाले. “मी तुला खोटी ठरवत नाही. पण हे मला चौकशी समितीपुढे ठेवावंच लागेल. पालकांना घेऊन ये.”

आरोप सिद्ध झाला तर सगळं सत्र रद्द होणार होतं आणि गुणपत्रकावर ‘गैरप्रकार’ असा शेरा येणार होता. आणि मला एका गोष्टीची जास्त धास्ती होती, जी घरी कुणालाच ठाऊक नव्हती. पुण्याच्या एका संस्थेने मला गणिताच्या पुढच्या शिक्षणासाठी निवडलं होतं, फक्त या सत्राचा निकाल स्वच्छ हवा होता. तिथे राहूनच शिकावं लागणार होतं. घरी मी ‘अजून काही ठरलं नाही’ एवढंच सांगत आले होते. बँकेत, दवाखान्यात, वीज कंपनीच्या खिडकीवर, घरमालकासमोर आईबाबांच्या वतीने बोलणारी मीच. मी गेले तर यांचं कोण, हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता आणि स्वतःलाही त्याचं उत्तर देत नव्हते.

मामाला कुणीतरी कळवलं असावं. त्याचा विंचूरहून फोन आला. “पोरी, ताईला नको नेऊ तिथं. मी येतो. तिला काय कळणार हाय? साहेब लोक बोलत्याल आन ती नुसती बघत राहील. लय वाईट दिसतं ते.” फोनवर शब्द उमटवणारं ते नवं ॲप आई तोवर वापरायला शिकली होती. तिने माझ्या हातातला फोन घेऊन मामाचं बोलणं पडद्यावर वाचलं, फोन मला परत दिला आणि म्हणाली, “सांग त्याला, कांदे बघ म्हणावं. मी जाते.” मी मामाला सांगितलं की आईच येतेय. कांद्याचं काही बोलले नाही.

प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. प्राचार्य मॅडम, देवरे सर, आई आणि मी. आईने निळी इस्त्रीची साडी नेसली होती आणि पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मॅडमनी बोलायला सुरुवात केली, तशी मी सवयीने आईकडे वळून हात उचलले. देवरे सरांनी मला थांबवलं.

“एक मिनिट, मॅडम. जिच्यावर आरोप आहे तिनेच भाषांतर करायचं, हे बरोबर नाही. ती काय सांगते ते आपल्याला कसं कळणार?”

मॅडमनी मान हलवली. मी हात खाली घेतले. आईचा चेहरा माझ्याकडे, मग सरांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मामा म्हणाला होता तेच होणार, असं मला वाटलं. ती नुसती बघत राहील. तेवढ्यात आईने पर्समधून फोन काढला, ॲप उघडलं, टेबलाच्या मधोमध ठेवला आणि ‘बोला’ अशी हाताने खूण केली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम जरा वाकून फोनशी बोलल्यासारखं बोलू लागल्या. काय दिसलं, नियम काय आहे, परिणाम काय. अक्षरं पडद्यावर उमटत गेली, आई वाचत गेली. माझे हात मांडीवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोकांचं बोलणं माझ्यावाचून तिच्यापर्यंत जात होतं, आणि मला त्याची विलक्षण भीती वाटत होती. दवाखान्यात डॉक्टर ‘यांना काही कळतं का’ असं म्हणाले तर मी आईला सांगायचे, डॉक्टर विचारतात, बरं वाटतं का. आता मॅडम सरांकडे वळून, खालच्या आवाजात म्हणाल्या, “आईवडील असे असले की मुलं मार्ग काढतात. दोष तरी कुणाला द्यायचा?” त्यांना वाटलं असेल की हे आपसातलं बोलणं आहे. फोनला तसं काही वाटत नव्हतं. वाक्य पडद्यावर उमटलं. आईने ते वाचलं. मी तिच्याकडे पाहूच शकले नाही.

आई फोनवर लिहू लागली. ती हळू लिहायची, कारण तोंडी मराठी तिने कधी ऐकलेलीच नव्हती. तिच्या लेखी मराठीत ‘ने’, ‘ला’, ‘चा’ हे सगळं गळून जायचं. तिने बटण दाबलं आणि फोनमधली एक कोरडी, यांत्रिक बाई बोलू लागली.

“आईवडील असे म्हणजे कसे. तुम्ही विचार करता ओठ हलतात. मुलगी विचार करते हात हलतात. लहान पासून. मी शिकवले.”

मॅडमचा चेहरा उतरला. त्या “तसं नव्हतं म्हणायचं मला” असं काहीतरी म्हणाल्या. देवरे सर मात्र आपल्या मुद्द्यावरून हलले नाहीत, आणि आज मी त्यांना त्याबद्दल नावं ठेवणार नाही. त्यांनी फोनकडे बघत सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “ताई, परीक्षा चालू असताना तुम्ही कुठे होता?”

आईने फोन पुढ्यात ओढला. मला उत्तर माहीत होतं. ती बाहेर स्वयंपाक करत होती. तिने लिहिलं, बटण दाबलं.

“मी दारात. दार फट होती. मी समोर उभी. तिचे हात बघत होते.”

“तुझं म्हणणं होतं, दुसरं कोणी नव्हतं,” सर मला म्हणाले. मला खरोखरच ठाऊक नव्हतं. मी आईला हातांनीच विचारलं, का, का उभी होतीस तिथे? सरांनी “ऋतुजा, हात खाली” म्हटलं. आईने पुन्हा लिहिलं. “आवडते. तिचा विचार बघायला.”

मॅडमनी फाईल मिटली. म्हणाल्या, आम्हाला यावर विचार करावा लागेल.

घरी आल्यावर मी आईवर तुटून पडले. “तुला काय गरज होती सांगायची? कुणी बघितलं होतं?” माझे हात इतके जोरात चालले होते की एकदा ओट्याच्या कडेवर आपटले. आई शांतपणे कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, “त्यांनी विचारलं. मी होते. नाही कसं सांगू?” बाबा छापखान्यातल्या कामावरून आले, त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि नेहमीसारखं ‘होईल नीट’ एवढं म्हणून हात धुवायला गेले. पुढचे काही दिवस आम्ही तिघं एका घरात असून एकमेकांकडे कमी बघत होतो. आणि आमच्या घरात न बघणं म्हणजे न बोलणं. मी रागाच्या भरात एकदा म्हणाले की यापुढे मीच बोलेन, तू येऊ नकोस. तेव्हा ती म्हणाली, “तू लोकांचं बोलणं धुऊन मला देतेस. मला माहीत आहे. लोकांचे चेहरे मला दिसतात की. आता मी मळकं आहे तसंच घेईन.”

मग कॉलेजमधून पुन्हा बोलावणं आलं. या खेपेला बाबाही आले. प्राचार्यांच्या खोलीत एक वयस्क गृहस्थ बसले होते. नाशिकमधल्याच एका मूकबधिर शाळेत त्यांनी उभं आयुष्य शिकवलेलं. आम्हाला ते ओळखत नव्हते. देवरे सरांनीच त्यांना शोधून आणलं होतं. “हातांना भाषा असेल तर ती वाचून घेऊ,” सर मॅडमना म्हणाले. “त्याशिवाय निकाल द्यायला माझं मन घेत नाही.”

पडदा चालू झाला. ते गुरुजी खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी सुरुवातीचा भाग दोनदा पाहिला, मग म्हणाले, “सगळं लागणार नाही. ही पुटपुट आहे. पण एक आधीच सांगतो. समोरच्याशी बोलणारा माणूस हात छातीपुढे धरतो आणि नजर समोरच्याच्या तोंडावर ठेवतो. हिचे हात पोटाशी आहेत आणि नजर छताला.” आणि मग ते वाचू लागले.

माझ्या डोक्यातलं दुसऱ्याच्या तोंडून मोठ्याने ऐकणं काय असतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. “सात... सात धरून ठेव. वजा. नाही, नाही. अधिक. पुन्हा पहिल्यापासून.” देवरे सर माझी उत्तरपत्रिका समोर घेऊन एकेका पायरीवर बोट ठेवत होते. जिथे हात ‘नाही, नाही’ म्हणाले तिथेच माझ्या उत्तरात एक ओळ खोडलेली होती. ती चूक आधी माझ्या हातांनी केली होती आणि हातांनीच सुधारली होती. सरांच्या कपाळावरची आठी सैल होताना मला दिसली. मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनीच धीर दिला.

तेवढ्यात पडद्यावर ती जागा आली, जिथे मी अडकले होते. हात थांबले. मग पुन्हा हलू लागले, पण आता गणितासाठी नव्हे. ते काय म्हणताहेत हे माझ्या ध्यानात आलं, आणि मी खुर्चीवरून अर्धी उठले.

गुरुजींनी वाचलं. “हे सुटलं नाही तर बरंच. पुणे नको. आई एकटी.” आणि थोडं थांबून, “पुणे हवं.”

आईला गुरुजींची गरज नव्हती. ती पडद्याकडेच बघत होती, आणि माझे हात तिने त्यांच्याही आधी वाचले होते. बाबांनीही. मॅडमनी विचारलं, “पुणे म्हणजे?” देवरे सरांनी पडदा बंद केला. “पुढचं बघायची गरज नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडून आरोप मागे.” मॅडम उठून आईजवळ आल्या, फोनशिवाय, आणि तिच्यापुढे नुसते हात जोडले. आईनेही जोडले.

निकाल स्वच्छ लागला, मी पुण्याला गेले आणि पुढे आयुष्य गणितातच गेलं. नंतरच्या काळात मीही परीक्षा घेतल्या, अनेक पडद्यांवरून अनेक मुलांकडे पाहिलं. कोणी छताकडे बघत बसलं तर मी त्याला कधी टोकलं नाही.

पण त्या दिवशीचं माझ्या मनात राहिलंय ते त्यानंतरचं. बाबा परस्पर कामावर गेले, आम्ही दोघी बसने द्वारकेला उतरलो. उड्डाणपुलाखाली गाड्या अडकल्या होत्या, चारी बाजूंनी हॉर्न. रस्ता ओलांडायला थांबलो असताना आई एकदम माझ्याकडे वळली. भर चौकात, पर्स काखेत दाबून, ती दोन्ही हातांनी बोलू लागली. रिक्षावाले बघत होते. ती चिडलेली होती.

“किती दिवस झाले पुण्याचं ठरून?”

मी सांगितलं.

“आणि माझं नाव पुढे केलंस. आई एकटी. मला विचारलंस?”

“तुझ्यासाठीच...”

“तुला भीती वाटते ती तुझी. माझ्यावर घालू नकोस. तू जन्मायच्या आधी आम्ही जगत नव्हतो? मला वाईट वाटेल. रोज वाटेल. ते माझं मी बघेन. तू जा.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हातांची एकेक खूण स्पष्ट होती. मी उत्तर द्यायला हात उचलले. मला बरंच सांगायचं होतं: बँकेचं, दवाखान्याचं, तिच्या दारात उभं राहण्याचंही. तेवढ्यात सिग्नल सुटला. आईने माझी दोन्ही मनगटं एका मुठीत धरली आणि चालायला लागली. आमच्या घरात हात धरले की बोलणं बंद. पलीकडच्या फुटपाथवर पोचेपर्यंत तिने ते सोडले नाहीत.